शेऱ्याचा रकाना

बाई,

तुमच्याच शाळेत, गोरेगावात, मी आता नववी-दहावीला संगणक शिकवते. डेटाबेस समजावण्यासाठी पुस्तकात ग्रंथालयाचं उदाहरण आहे, आणि आपलं ग्रंथालय म्हणजे किल्ली हरवलेलं कपाट. म्हणून मी मुख्याध्यापकांना विचारून दाखल-खारीज रजिस्टरच वर्गात नेलं. आडवी ओळ म्हणजे शाळेत आलेलं एक लेकरू, उभा रकाना म्हणजे त्याच्याबद्दलची एक गोष्ट. एवढं लगेच कळतं. मग विचारलं, यातून नेमकं एकच लेकरू शोधायचं तर कशावरून? "नावावरून!" अख्खा वर्ग ओरडला.

दहावीतली एक मुलगी तेवढी उभी राहिली. "न्हाई होत, मॅडम. माझ्या अम्मीचं नाव ह्याच्यात दोनदा हाय."

तिच्या अम्मीला यंदा लेकीसोबतच बाहेरून दहावीला बसायचंय. त्या फॉर्मला शाळेचा दाखला लागतो. पण रजिस्टरात दोघी निघाल्या. नाव तेच, बापाचं नाव तेच, आणि जन्मतारीखही एकच. ती तर असणारच. ज्यांची तारीख घरी ठाऊक नव्हती, त्या आम्हा सगळ्यांना तुम्ही एक जूनला जन्माला घातलंत! एकीनं चौथीत शाळा सोडली, दुसरी सातवी पास. कारकून तिला म्हणाले होते, "सातवीवाली तुमचीच कशावरून, ते सांगा. मी काय वासावरून वळखू?" चौथीत सोडलेल्यांना हा फॉर्म भरू देत नाहीत. मुदत दोन दिवसांवर.

मी पान उघडलं. शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. तो कोरा काहून, हे त्या वर्गात फक्त मला ठाऊक होतं.

आठवतं, बाई? मी सातवीत आहे. जुन्या रजिस्टराला वाळवी लागलीये आणि तुम्ही नवं उतरवून काढायला मला बसवलंय, माझं अक्षर चांगलं म्हणून. आईच्या नावाला तेव्हा रकानाच नव्हता. म्हणून तुम्ही शेऱ्यात पेन्सिलीनं प्रत्येकाचं आजोळ लिहून ठेवलंय. मला ते गिचमिड वाटतं, मी सरळ गाळते. तुम्ही पानं उलटता आणि म्हणता, "अक्षर मोत्यासारखं हाय गं. पण शेरा कुठंय?"

"बाई, ते घाण दिसत होतं."

"रजिस्टर दिसायला नसतंय, पोरी. सापडायला असतंय. उद्या समदं लिहून काढ."

तुमचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, लिहिलं का? मी व्हय म्हणाले. तुम्ही उघडून पाहिलं नाही.

आता वर्गातून उठून शोधलं, तर ते जुनं रजिस्टर कार्यालयातल्या लोखंडी पेटीत तळाशी सापडलं. तुमच्याच हातानं फडक्यात बांधलेलं, आत कडुलिंबाचा वाळका पाला. मी वर्गाला म्हटलं, आता नाव विसरा. प्रत्येक ओळीला एक नंबर आहे, तो दुसऱ्या कुणाला कधीच दिलेला नाही. नव्या रजिस्टरातल्या दोघींचे नंबर घ्या आणि तेच नंबर जुन्यात शोधा. दोन वह्या एका नंबरानं जोडायच्या, यालाच पुढं मोठी नावं आहेत. लेकरं बाकांवर चढून वाचायला लागली. एका नंबरापुढं पेन्सिलीत 'आजोळ नरसी'. दुसऱ्यापुढं 'आजोळ औंढा', आणि तीच सातवी पास.

"नानी औंढ्याची हाय!" ती पोरगी एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या वर्गातले सर येऊन उभे राहिले. मुख्याध्यापकांनी दोन्ही पानं ताडून पाहिली आणि दाखल्यावर सही केली. संध्याकाळी तिची अम्मी दाखला छातीशी धरून फाटकापाशी उभी होती. मला म्हणाली, "मॅडम, गणित तेवढं जरा बघा हां. पोरगी माझ्यापुढं जाऊ नाही पाहिजे."

धडा चांगला झाला, बाई. मी बरी शिकवते, हे मला माहीत आहे.

फक्त एक राहिलं. तास संपताना मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, नव्या रजिस्टरात हे गाळलं कुणी? मी म्हणाले, असेल जुन्या काळचं कुणीतरी. तेव्हा तीच मुलगी, पानावर बोट ठेवून, "अक्षर तर बराबर तुमच्या फळ्यावरच्यासारखं हाय, मॅडम."

मी वळले आणि फळा पुसला.