ताईची उजवी बाजू

४ मार्च

चि. बबडीस ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागते, म्हणून कागदावर लिहिते आहे.

काल आमच्या चष्म्याच्या दुकानात एक काकू जवळच्या नंबरचा नवा चष्मा न्यायला आल्या. बारीक अक्षर दिसतंय का ते बघायला त्यांनी पिशवीतलं मासिक काढलं आणि मोठ्यानं वाचू लागल्या. कवितेचं नाव 'ताईचा डावा स्तन'. कवयित्री आपण! मी आतल्या खोलीत काचा घासत होते. हातातली काच फुटायची राहिली.

तर कळलं ते असं की, माझ्या छातीवर व्रण नसून नदी आहे. ती नदी पुढे देशाचा नकाशा होते आणि शेवटच्या कडव्यात त्या नकाशावरून मोर्चा जातो. अगं बाई, कॅन्सरनंसुद्धा एवढी गर्दी केली नव्हती. हल्ली तुम्हा कवींच्या हाती अंग लागलं की त्याची खैर नाही. पाठ म्हणजे इतिहास, पोट म्हणजे भूक आणि भूक म्हणजे सरकार. साधी खाज म्हणून कुणाला सुटत नाही. माझा व्रण खाजतो. कपड्याचा पट्टा घासला की जास्तच. ते कुठल्या कडव्यात आहे?

आणि एक किरकोळ चूक. ऑपरेशन उजव्या बाजूचं झालं. सख्ख्या बहिणीचं अंग छापायचं तर निदान बाजू तरी विचारायची होतीस.

खरी गंमत पुढेच आहे. कविता ऐकून आमच्या मालकांनी डोळे पुसले. म्हणाले, बाईच्या शरीरावर समाज किती अन्याय करतो! हेच ते मालक. उकडतं म्हणून मी कपड्यात घालायचा तो सिलिकॉनचा गोळा सोडला, तेव्हा त्यांनीच मला काउंटरवरून उठवून आत पाठवलं. गिऱ्हाइकांना अवघडल्यासारखं होतं म्हणे. ज्यांना तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचता येत नाही, त्यांना माझी एक बाजू सपाट आहे हे मात्र दारातून दिसतं!

असो. शनिवारच्या तुझ्या कविसंमेलनात ही कविता वाचायची नाही. वाचलीस तर मला बहीण नाही असं समजेन. हे बरे आहेत, घोरतात. लोभ आहे. तो किती दिवस ठेवायचा ते तू ठरव.

तुझी,
ताई


१२ मार्च

ती. ताईस बबडीचा सा. न. वि. वि.

वाचली नाही. कार्यक्रमपत्रिकेत कवितेचं नाव छापून झालं होतं आणि दुसरी कविता नेली नव्हती, म्हणून माईकसमोर नुसती गप्प उभी राहिले. घाम फुटला. लोकांना वाटलं हीच कविता! अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. अध्यक्ष म्हणाले की मौन हीच देहाची खरी भाषा. एका समीक्षकाला माझ्या लटपटणाऱ्या गुडघ्यांत व्यवस्थेचा प्रतिकार दिसला. आजवरची माझी सगळ्यात गाजलेली कविता मी लिहिलेलीच नाही.

बाजूचं म्हणशील तर मला ती माहीतच नव्हती. दवाखान्यात तू चादर हनुवटीपर्यंत ओढून पडायचीस. पट्टी बदलायची वेळ झाली की मला बाहेर काढायचीस. घरी आलीस ती त्या गोळ्यासकट. काही विचारलं की, तुझं तू बघ. मग मी हृदय असतं ती बाजू धरली. बघितलं असतं तर नदी कशाला लागली असती? छापण्याआधी तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. चुकलंच माझं.

पण आता तुझं ऐक. आम्हाला तू सांगितलंस की बढती मिळाली म्हणून आत बसते. भाऊजींनी तुला त्याबद्दल घड्याळ आणलं! नाकावर चष्मा बसवावा तर तुझ्या हातांनी, असं मालकच चारचौघांत सांगायचे ना? आणि तुला दाराआड कोंबलं तर त्याची तू गंमत म्हणून गोष्ट सांगतेस? माझ्यावर चिडणं सोपं आहे ताई, मी तुला पगार देत नाही. त्यांच्यावर कधी चिडणार?

मला मात्र बहीण आहे असं मी समजून चालले आहे. तेवढं मोडू नकोस.

तुझीच,
बबडी


२० मार्च

चि. बबडीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझ्यावर धुमसत होते. मग कळलं की बोललीस ते खरं होतं, म्हणून झोंबलं. ह्यांना बढतीचं खरं काय ते सांगितलं आणि घड्याळ परत करू का विचारलं. म्हणाले, असू दे, काउंटरवर वेळेत पोचायला लागेल. मग मात्र मी रडले. तुझ्याइतकी नाही.

काल दुकानात गेल्यावर आत गेलेच नाही. काउंटरमागच्या माझ्या स्टुलावर बसले, गोळ्याशिवाय. मालक म्हणाले, आत काचा पडल्यात. मी विकत आणलेलं ते मासिक त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, तुम्ही जिच्यासाठी डोळे पुसलेत ती मीच, फक्त बाजू चुकली आहे. त्यांनी मासिकाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिलं. जणू पहिल्यांदाच वाचताहेत. माझ्याकडे बघायचं तेवढं राहिलं.

तेवढ्यात त्याच काकू आल्या, चष्म्याची काडी कानामागे टोचते म्हणून. मी काडी गरम करून वळवली आणि वाकून चष्मा त्यांच्या नाकावर बसवला. त्यांची नजर माझ्या छातीवर गेली. मी सरकले नाही. त्यांनी मान इकडेतिकडे वळवून पाहिली आणि म्हणाल्या, आता टोचत नाही. मालक स्वतः काचा घासायला आत गेले. उद्या ते मला काढूनही टाकतील. पण आज मी काउंटरवर आहे.

आता कवितेचं. नदी, नकाशा, मोर्चा सगळं गाळ. खाज घाल. स्टूल घाल. मालकांचे ओले डोळे घाल. एवढ्यानं तुमचं राजकारण भागत नसेल तर अध्यक्षांना विचार.

पण लिहिण्याआधी रविवारी घरी ये. ह्यांना बाहेर पाठवते. चादर नसेल. नीट बघ, हात लावलास तरी चालेल. मलाही अजून धड बघायचं आहे, एकटीनं धीर होत नाही. लोभ आहेच, रविवारी जेवणही आहे.

तुझी,
ताई

ता. क. चष्मा लावून ये. फोटोत चांगली दिसावीस म्हणून काढून ठेवतेस तो.