लवकर थांबलेलं रक्त

३ नोव्हेंबर
ह्यांना दवाखान्यात दाखवलं. छातीचे ठोके बेताल — धावतात, अडखळतात, पुन्हा धावतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशानं हृदयात रक्त रेंगाळतं, तिथंच गाठ धरतं. ती मेंदूत गेली की लकवा! रक्त पातळ करायची गोळी दिली. एक दिवस चुकवायची न्हाई. "पण कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही. कोयता सोडा."
हे हसले. ऊसतोड्यानं कोयता सोडायचा!

४ नोव्हेंबर
बाईंचं एक बोलणं डोक्यातून जाईना. जखम भरून आणणारं काहीतरी आपल्या रक्तातच असतं. ते फार वाढलं तर हृदयाची भिंत राठ करतं — अजून अभ्यास चालूय म्हणे. म्हंजे ज्यानं ह्यांच्या बोटांवरचे घाव भरले, तेच आतून घट्टे पाडतंय? आता शिव्या द्यायच्या कुणाला!

११ नोव्हेंबर
उसाच्या फडावर आलो. राहायला पाचटाची कोपी उभी केली. सकाळी चहाबरोबर गोळी मीच हातावर ठेवते. "माय हाईस का माझी?" म्हणतात. असू दे.

२० नोव्हेंबर
गोळी दिली.

२६ नोव्हेंबर
कोयता ह्यांच्या नडगीला लागला. मी पदर फाडत पळाले. जाईपर्यंत रक्त थांबलंसुद्धा! मुकादम सटवा म्हणाला, "वाघ हाय आमचा आश्रुबा! वहिनी, काहून रडती?" सगळे हसले. मी पुन्हा जखम बघितली. एवढं लवकर थांबलंच कसं?
कोपीत येऊन ह्यांची तंबाखूची पिशवी उलटी केली. तळाशी गोळ्या, चुन्यात लोळलेल्या.
मी ह्यांना लई बोलले. हे खाली मान घालून — "रक्त वाहताना सटवानं बघितलं तर मला घरी धाडील. त्याच्या हिशोबात आपण दोघं मिळून एक कोयता. तू एकटी अर्धा. कोण ठेवील तुला?"
येडं माणूस! लकवा झाल्यावर कोणता कोयता?

२७ नोव्हेंबर
दवाखान्यात फोन लावला. राहिलेल्या गोळ्या एकदम द्यायच्या न्हाईत, आजपासून नेमानं.
मग सटवाला तोंडावर सांगितलं — ऊस मी तोडणार, मोळ्या हे बांधणार. "मोळ्या तर बायका बांधतात. लोक हसतील, वहिनी." हसू दे की! जोडी पुरी हाय, तेवढं बघ.
ह्यांनी गोळी माझ्यासमोर गिळली. तोंड उघडून दाखवलं. डोळ्याला डोळा दिला न्हाई.

५ डिसेंबर
मोळी बांधताना पाचटानं ह्यांचं बोट चिरलं. बारीकशी चीर. दाबून धरलं तरी रक्त बराच वेळ येतच राहिलं.
आज जेवण गोड लागलं.