मृणालिनीचे अभ्यंग

ढाणकी, १५ डिसेंबर २०२४

चि. मधुवंतीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

प्रथम एक तक्रार. या मस्तकाची कित्येक हिवाळे एकनिष्ठ सेवा केलेली माझी तपकिरी माकडटोपी मला न विचारता लडाखला गेली आहे. तुझी आई म्हणते, मीच दिली. गेल्या साली न्यूमोनिया झालेल्या पोरीला उघड्या डोक्याने धाडू काय? तेव्हापासून मी सुभाषिते म्हणत उपरणेच डोक्याला गुंडाळतो.

दुसरे, तू माझ्या हवाली केलेली शेळी. हेमंतात अभ्यंग करावे असे शास्त्र आहे, म्हणून मृणालिनीला दर शनिवारी तिळाचे तेल चोळतो. तांड्यावरची रुपीबाई ताक घेऊन आली, तिने विचारले की गुरुजी, शेळीले नवरी काहून बनवून राह्यले? मी तेल चोळत राहिलो. पण मृणालिनी कुडकुडते, चाऱ्याला तोंड लावत नाही. म्हणून तेल वाढवले आहे. तुझा फोन लागत नाही. गुरांच्या डॉक्टरीणबाई, ती दगावायला नको, उपाय कळव.

आशीर्वाद थंडीत गोठत नाहीत, ते पोचतीलच.

तुझा
बाबा

न्योमा (लडाख), २९ डिसेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

टोपी डोक्यावर आहे, तिला अजून तुमच्या बामाचा वास येतो.

बाबा, तेल आधी बंद करा. थंडीत जनावर केस उभे करतं, त्यांत हवा अडकते, तीच त्याची गोधडी. तुम्ही ती तेलाने चिकटवून टाकलीत. धुऊ मात्र नका. कोरड्या भुशाने चोळा, पोतं बांधा, तुरीचं कुटार भरपूर खायला घाला. पोटात चारा आंबताना ऊब तयार होते. चूलच म्हणा ना. इथल्या शेळ्यांना केसांखाली मऊ लोकरही असते. बदकं तर बर्फावर अनवाणी! पायांकडे निघालेलं रक्त परतणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देऊन टाकतं. पाय गार, काळीज गरम.

कुडकुडण्याला भिऊ नका. जनावर अजून झुंजतंय, एवढाच त्याचा अर्थ. अंग गार असून कुडकुडणं थांबलं, तर घाबरायचं.

आईला नमस्कार. लोभाची ऊब राहू द्या.

मधू

ढाणकी, १२ जानेवारी २०२५

चि. मधूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

मृणालिनी वाचली. तुझ्या आईने आणि मी तिला चोळून कोरडी केली. आज तिने नव्या दिनदर्शिकेचे पहिले पान संक्रांतीपर्यंत खाल्ले. रुपीबाई विचारत होती, आता नवरीले सासरी कधी धाडता.

तुझे पत्र पुन्हा पुन्हा वाचले. त्यात शेळीचे केस आहेत, बदकाचे पाय आहेत. तू कुठे नाहीस. खोकला आहे का, झोप लागते का, एक ओळ नाही. गेल्या सालीही तू मजेत आहे म्हणत राहिलीस, आणि आम्हाला कळले ते तू दवाखान्यात भरती झाल्यावर. तुला ना लोकर, ना पोटात चूल.

कुडकुडणे थांबले की घाबरायचे, हे तूच लिहिलेस. म्हणून घाबरलो आहे. टोपी ठेव. पुढच्या पत्रात थोडी कुडकुड, एवढी कृपा असावी.

तुझा
बाबा