शेवटची चार पानं

कसबा पेठ, पुणे
४ नोव्हेंबर २०२४

चि. तालिब यास आपाच्या अनेक दुआ व आशीर्वाद, वि. वि.

ऑफिसच्या पत्त्यावर पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोन करावा तर अफशीन शेजारीच असते आणि मेसेज पाठवावा तर तुझ्याआधी तीच वाचते. मुलीला वाचनाची गोडी लागावी म्हणून दर रविवारी खराडीहून तिला माझ्या वाचनालयात तूच आणायला लागलास. लागली गोडी. आता भोगा.

तिची एक सवय तुला सांगायची आहे. बालविभागात मुलं पुस्तक कसं निवडतात ते मी रोज पाहते. कुणी चित्रं बघतं, कुणी जाडी. अफशीन आधी शेवटचं पान वाचते. शेवटी सगळे घरी पोचले असतील तरच पुस्तक नेते, नाहीतर मुकाट्याने कपाटात ठेवते. मी विचारलं तर म्हणाली, मधे काहीही झालं तरी चालतं, शेवट आधी कळलेला बरा. आठ वर्षांची पोर आहे रे. मला ते ऐकून कसंतरीच झालं.

शाइस्ता ईदनंतर सोलापूरला माहेरी गेली, तिथल्या शाळेत नोकरी धरली आणि ती आता परत यायची नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पोरीसाठी मात्र अम्मी अजून ट्रेनिंगला गेलेली आहे. एवढं लांबलचक ट्रेनिंग अंतराळवीरांचंसुद्धा नसेल. डिसेंबरात शाइस्ता तलाकच्या कागदांवर सह्या करायला येईल. त्याआधी तू स्वतः अफशीनला सांग.

येत्या रविवारी वाचनालयाचा ‘घरचा शेवट’ हा उपक्रम सुरू होतोय. प्रत्येक कुटुंबाला गोष्टीचं एक पुस्तक मिळेल, त्याची शेवटची चार पानं मी खळ लावून बंद केलेली असतील. घरातल्या सगळ्यांनी रोज संध्याकाळी मोठ्याने वाचायचं, शेवट आपला आपण ठरवायचा आणि तो मुलाने २४ तारखेला इथे येऊन सांगायचा. मग पानं उघडायची. वेळेवर या, पुणेकर असल्यासारखे.

लोभ आहेच, उत्तर पाठवलंस तर तो टिकेलही.

तुझी,
अख्तरबानू आपा

*

खराडी, पुणे
१३ नोव्हेंबर २०२४

ती. आपास तालिबचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र रिसेप्शनवरच्या मुलीने दोन बोटांत धरून आणून दिलं. तिला वाटलं, मला कोर्टाची नोटीस आली. वाचल्यावर मलाही तसंच वाटलं.

आम्हाला हत्तीच्या पिल्लाची गोष्ट मिळाली आहे. पूर येतो, कळप पलीकडच्या काठाला जातो आणि पिल्लू अलीकडे राहतं. पहिल्याच संध्याकाळी अफशीनने नियम काढला की घरातले सगळे म्हणजे अम्मीसुद्धा. तेव्हापासून रोज सातला शाइस्ता सोलापूरहून फोनवर असते. एक पान मी वाचतो, एक अफशीन. शाइस्ताकडे पुस्तक नाही, म्हणून ती हत्तींचे आवाज काढते. काल हसून हसून अफशीनला उचकी लागली. या घरात असं हसणं मी विसरलो होतो.

आपा, मला स्वस्थता नाही. गॅस बंद केलाय हे दोनदा बघतो, फोन चार्ज झालाय हे तीनदा. वाटतं, जी बाई रोज संध्याकाळी आमच्यात येऊन बसते, तिचं मन कदाचित बदलेलही. मग आत्ताच सांगून पोरीला का रडवायचं? मला एवढी घाई करू नकोस.

अफशीन पानं दिव्यासमोर धरून आतलं दिसतंय का बघते. तुझी खळ पक्की आहे.

तुझी माया आहे तशीच असू दे, रागावलीस तरी चालेल.

तुझा,
तालिब

*

कसबा पेठ, पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

चि. तालिब यास दुआ व आशीर्वाद, वि. वि.

काल तू मंडईत भाजी घेत होतास तेव्हा अफशीन पुस्तक घेऊन माझ्याकडे बसली होती. पानं उघडून पुन्हा चिकटवलेली दिसली. माझी खळ मैद्याची, वाळली की पांढरी दिसते. इथे चकचकीत डिंक आहे. मी तिला विचारलं, ती नाही म्हणाली. मी चिडले आणि चार मुलांसमोर म्हणाले की नियम सगळ्यांना सारखे असतात, भाचीलासुद्धा. ती रडली नाही, नुसती त्या डिंकाकडे बघत राहिली. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. ती माझ्याशी आजवर खोटं बोललेली नाही.

दुसरं असं, शाइस्ताचा मला फोन आला होता. ती म्हणाली, मी आई आहे म्हणून वाचनाला बसते, तालिबने त्यातून भलतं काही काढू नये. तुझ्या तोंडावर हे बोलायला तिला जड जातं. मला काही हलकं जात नाही, पण कुणीतरी सांगायला हवं होतं.

पत्र वाचून जेव, न जेवता बसू नकोस. तुझ्यावर जीव आहे म्हणून एवढं लिहिलं.

आपा

*

खराडी, पुणे
२१ नोव्हेंबर २०२४

ती. आपास सलाम, वि. वि.

पानं मी उघडली.

अफशीन शाळेत होती, मी घरून काम करत होतो. मीटिंग चालू, कॅमेरा बंद, गॅसवर चहा. त्या वाफेवर पुस्तक धरलं. शेवटच्या पानावर हत्तीण नदी पार करून पिल्लाकडे परत येते. मला इतका आनंद झाला की मीटिंगमध्ये माझं नाव पुकारत होते तेही ऐकू आलं नाही. ठरवलं, अफशीनला हा शेवट नक्की ऐकवायचा. मग डिंक लावला.

तिला माझ्यामुळे बोलणी बसली आणि तिने घरी येऊन अवाक्षर काढलं नाही. तुझं पत्र वाचून मी तिची माफी मागितली. तिने एवढंच विचारलं की अब्बूंनाही शेवटाची भीती वाटते का. मी हो म्हणालो.

रविवारी वाचनालयातून परतताना तिला सांगतो. तू दुआ कर.

तालिब

*

खराडी, पुणे
२५ नोव्हेंबर २०२४

शाइस्ता, सलाम.

मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून नावच लिहिलं. फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच बोलतेस आणि माझं राहून जातं. पत्रात तसं होत नाही.

काल अफशीनने आपल्या घरचा शेवट सांगितला. आपण फोनवर ठरवलेला नव्हे, तिचा स्वतःचा. नदीला पाणी फार असतं. हत्तीण पलीकडेच राहते, तिला तिकडचं रान मानवतं. पिल्लू अलीकडे बाबा हत्तीजवळ राहतं. रोज संध्याकाळी दोघं काठावर येऊन एकमेकांना हाका मारतात आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की पिल्लू चालत पलीकडे जातं. एक मुलगा म्हणाला, हा काही शेवट नाही, ते घरी कुठे पोचले? अफशीन म्हणाली, पोचले, घरं दोन आहेत. आपा पानं उघडायला सुरी घेऊन आली, तर अफशीनने पुस्तकावर हात ठेवला. म्हणाली, आमचा शेवट सांगून झाला.

परतताना बस येरवड्याच्या पुलावर आली तेव्हा मी धीर करून सांगायला लागलो. तिने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली की अम्मीने जाताना स्वतःची उशी नेली, तिला तेव्हाच कळलं होतं. मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस. तर तिला वाटत होतं की अब्बूंना अजून माहीत नाही. अब्बूंना आपल्याकडून कळायला नको, म्हणून ती गप्प राहिली.

मला बसमध्ये रडू आलं. तिने रुमाल दिला, माझाच, माझ्याच खिशातून काढून.

डिसेंबरात ये. सह्या करीन, अडून बसणार नाही. सुट्टीत अफशीन सोलापूरला तुझ्याकडे राहील, तिने उशी वेगळी काढून ठेवली आहे.

काल तिने नवीन पुस्तक आणलं, शेवटचं पान न बघता. मीही बघितलेलं नाही, शपथ. रोज सातला वाचतो. फोन उचलत जा.

माझ्यावर लोभ असावा असं आता लिहीत नाही. अफशीनवर आहे, ते मला पुरतं.

तालिब