लाल दोरीविरुद्ध माझी फिर्याद

साडूबुवा,

सप्रेम नमस्कार. “अहो, जरा ऐका” या तीन शब्दांनी ज्यांची निम्मी वाक्यं आयुष्यभर अर्धवट राहिली, त्या तमाम साडूंच्या, म्हणजे तुमच्या आणि माझ्या वतीने हे पत्र लिहितो आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मेहुणीबाईंचा खोकला थांबला असेल. (फोनवर तरी थांबलेला वाटला. दोघी बहिणी तासभर बोलत होत्या आणि मी शेजारच्याच खोलीत होतो.) त्या फोननंतर तुम्ही आलात, तुमच्या होडीच्या इंजिनाची लाल दोरी काढून घेतलीत आणि एक अक्षर न बोलता निघून गेलात. आरोपीला बाजू मांडू न देता शिक्षा? म्हणून ही फिर्याद.

मी आणि ही, तुमच्या होडीतून पलीकडच्या काठाला नात बघायला निघालो होतो. तेरा दिवसांची झाली, अजून आजीच्या मांडीवर आलेली नाही. रस्त्याने चार तास, पाण्यातून चाळीस मिनिटं. धक्क्यावर तुम्ही इंजिन समजावत होता तेव्हा मी, आठवत असेल, ‘पाण्यावर कोणाची मालकी नसते’ या विषयावर बोलत होतो. त्यामुळे माझं ऐकायचं राहिलं. तिने ऐकलं. (ती परक्यांचं फार मन लावून ऐकते, हे माझं जुनं दुःख आहे.) मी सुरू करायची दोरी अकरा वेळा ओढली. “अहो, गिअर मधे आणा, तीनदा सांगितलं त्यांनी,” ती म्हणाली. आणला. इंजिन सुरू झालं. योगायोग!

आता मुख्य आरोपी, ती लाल दोरी : एक टोक इंजिनाच्या खटक्यात, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटात. यंत्राने माणसाच्या मनगटाला दोरी बांधावी, हा कुठला न्याय? मुद्दा पटवायचा तर माझा हात वर जाणारच. हात वर गेला की दोरी ताणते, खटका निघतो, इंजिन बंद. चाळीस वर्षांत विरोधकांनी माझी एक सभा बंद पाडली नाही. या वीतभर प्लॅस्टिकने पाव तासात चारदा पाडली. “अहो, एक तर बोला, नाही तर चालवा!” पाचव्या वेळी मी फास मनगटातून काढला, उभा राहिलो आणि दोन्ही हात उंचावून “गुलामीची ही शेवटची खूण” एवढं म्हणतो तोच मोठ्या बोटीची लाट आली. उरलेलं वाक्य पाण्यात पूर्ण केलं.

साडूबुवा, इथे मात्र विनोद सोडतो. मूठ सुटली तरी इंजिन थांबलं नाही. सुकाणूचा दांडा एका बाजूला वळला आणि होडी तिला घेऊन माझ्याभोवती गोल फिरू लागली. दुसऱ्या फेरीत पंखा माझ्या पायांपासून हातभर अंतरावरून गेला. लाइफ जॅकेट होतं (तेही तिनेच कोंबलं होतं), पण पोहून जाणार कुठे? तेवढ्यात ती ओणवी होऊन मागे सरकली आणि तिने ती लोंबती लाल दोरी हिसकली. इतकी शांतता मी कुठल्याच सभेत ऐकली नाही. मग वल्हं पुढे करून म्हणाली, “या. झालं का बोलून?” मला आत ओढून घेतलं. मग खटका बसवून, गिअर मधे आणून, दुसऱ्या ओढीत इंजिन सुरू करून तिनेच होडी परत आणली. नात बघायची राहिली.

आपला,
थोरला साडू

ता. क. : होडी ठीक आहे. वल्ह्यावर दातांच्या खुणा आहेत, त्यांचा खुलासा मागू नये.

ता. क. दुसरा : फिर्याद मागे घेतो. दोरी निर्दोष आहे. ही रोज झबली इस्त्री करते, घड्या घालते आणि पुन्हा मोडते. मला होडी देऊ नका, बरोबरच आहे. मी पुढे बसेन, हात मांडीखाली घेऊन. तुम्ही एकच करा : येत्या रविवारी सकाळी आठला दोरी घेऊन धक्क्यावर या, आणि ती हिच्या मनगटाला बांधा.