ढकलायचं, उचलायचं नाही

मंगळवार, जानेवारी. संध्याकाळी, रोझरीनंतर.

हे केळीच्या वाडीत पाटातला गाळ उपसायचे आणि आमचा छोटा मेल्विन आपलं इवलंसं फावडं घेऊन शेजारी. "वाक, उचल, टाक," हे शिकवायचे. मी चहा घेऊन बांधावर.

आज कॅनडाहून मेल्विनचा व्हिडिओ कॉल आला. छातीत स्टेंट बसवल्यावर डॉक्टरांनी बर्फ उपसायला मनाई केली, म्हणून त्याने विजेचं फावडं घेतलंय. दोन पाहिली होती त्याने, एक जड, एक हलकं. हलकं घे, असं मीच म्हणाले. बर्फ ते यंत्रच उडवतं, आपण जमिनीवरून नुसतं ढकलायचं. आणि हा? दर वेळी उचलून झटकत होता. थेट ह्यांच्यासारखा.

"अरे, ढकल! उचलू नकोस!"

"मम्मी, वसईत बसून मला बर्फ शिकवतेस?"

मागून सून शेरल म्हणाली, "शिकवाच तुम्ही. माझं कुठे ऐकतो!"

हसले मी. पण हे गेले ते गाळ उचलतानाच, छातीत कळ येऊन. हलकं यंत्र घे म्हणाले मी, ते चुकलं का माझं? जड असतं तर उचललंच नसतं त्याने.

मे महिन्यात येईल तेव्हा तो पप्पांचं फावडं मागणार, आठवण म्हणून. विसरायला नको, लिहूनच ठेवते. फावडं शेजारच्या पास्कूला, त्याची वाडी अजून आहे. बर्फाचं यंत्र शेरलच्या हाती, उद्या तिलाच फोन करते. मेल्विनला ह्यांची रोझरीची माळ. फावडं नाही. रडून मागितलं तरी नाही.