खळ्यातली बोट आणि आत्याचा विळा

कशेळ्याच्या अलीकडची आपली वाडी
२४ ऑक्टोबर

ती. गौराआत्येस,

हर्षलाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पावसाळ्यात दुखत होता असं कशेळ्याच्या बाजारात कुणाकडून तरी कळलं. वडीलधाऱ्यांना पत्रात 'आपण' लिहावं असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. पण तुला 'आपण' म्हटलं तर मीही रुसले असं तुला वाटेल, म्हणून नेहमीसारखं 'तू'च लिहिते. दहिवलीला सगळे खुशाल असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, फक्त दमलेले आहेत. आमच्या घरचा एकही फोन तू दोन वर्षांत उचललेला नाहीस, म्हणून पत्र लिहावं लागलं. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते कापता येत नाही. चष्मा सापडला नाही तर रुचितावहिनी वाचून दाखवेल. (वहिनी, कंसातलं मोठ्याने वाचू नकोस. ते फक्त तुझ्यासाठी आहे.)

आमच्या खळ्यात बोट उभी आहे, हे तुला मालोजीने सांगितलं असेलच. रस्त्याकडच्या तुझ्या पट्टीत तू त्याला अर्धलीने, निम्म्या पिकाच्या बोलीवर लावलंस तेव्हापासून तो आमच्याकडच्या सगळ्या बातम्या दहिवलीला पोचवतो, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो गोष्ट थोडी वाढवून सांगतो. बोट आकाशातून पडली नाही, सरकारने जप्तही केलेली नाही, आणि मी तिच्यात राहायला गेलेले नाही. (दोन दुपारी झोपले होते. तिथे पंखा नाही, पण कुणी प्रश्नही विचारत नाही.)

पहिल्यापासून सांगते, कारण मागच्या वेळी तू मला पूर्ण बोलू दिलं नव्हतंस. मी जिथे काम करते ती संस्था एक शिडाची बोट चालवते. तिचं नाव 'भरती'. सव्वीस फूट लांब, आठ फूट रुंद. रेवदंड्याच्या खाडीतून आम्ही ती बाहेर काढतो, बारीक जाळीतून समुद्राचं पाणी गाळतो, आणि त्यात जीव किती आणि प्लास्टिकचे कण किती ते मोजतो. बाकीचे दिवस शाळेच्या मुलांना नेऊन समुद्र दाखवतो. हे मी आईला पाच वेळा समजावलं. पाचव्या वेळी ती म्हणाली, पाणी गाळायला एवढी बोट कशाला, फडकं नाय का? त्यानंतर मी समजावणं सोडून दिलं.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. यंदा आमची नेहमीची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. संस्थेचे प्रमुख केयूर सर (कर्जतच्या डॉक्टरांचे चिरंजीव, समुद्रावर फार जीव, पोहता येत नाही) बैठकीत कपाळाला हात लावून बसले होते. तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, आमच्या खळ्यात ठेवू. नाहीतरी लोकांना वाटतं समुद्राचा आपल्याशी काय संबंध. पण आपण पेज नदीत टाकलेली पिशवी उल्हासला मिळते, उल्हासमधून खाडीत जाते आणि खाडीतून समुद्रात. तर समुद्रालाच एकदा पेजेकडे येऊ दे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्या, माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या की समजावं, काहीतरी चुकलं आहे.

मे महिन्यात बोट आली. चाकांच्या गाड्यावर चढवलेली, पुढे ट्रॅक्टर. डांबरी रस्त्यावरून ती तुझ्या पट्टीत उतरली, तिथून आमच्या शेतात, आणि दोन ठिकाणी बांध फोडून थेट खळ्यात. शेतं कोरडी ठणठणीत होती, ट्रॅक्टर घरंगळत आला. पुढे जूनमध्ये बाबांनी फोडलेले बांध पुन्हा घातले. जुलैत लावणी झाली. मीही होते लावणीला. चार दिवस, गुडघाभर चिखलात, वाकून. म्हणजे बोट ज्या वाटेने आली ती वाट मी माझ्या हातांनी, ओळीत, भाताने लावून टाकली. आणि मला ते सप्टेंबर संपेपर्यंत कळलं नाही. केयूर सरांनी फोनवर तारीख विचारली तेव्हा मी पडवीत उभी होते. समोर पाहिलं, तर खळ्यापासून रस्त्यापर्यंत सगळं भात.

मी बाबांना विचारलं, हे तुम्ही मला मे महिन्यात का नाही सांगितलं? बाबा म्हणाले, "मला वाटलं तुला ठाव हाय. शिकलेली तू." आईला विचारलं, तिचंही तेच. मालोजीचंही तेच. ट्रॅक्टरवाल्यालाही तेच वाटलं होतं, शिवाय त्याला वाटलं की संस्था हेलिकॉप्टर आणेल. अख्ख्या वाडीला पाच महिने दिसत होतं की बोट बाहेर निघणार नाही, आणि पदवीचा मान राखून कुणी बोललं नाही. घरात पहिलीच पदवी आली की तिच्याकडून लोक काय काय अपेक्षा ठेवतात, हे विद्यापीठाच्या कुठल्याच विषयात शिकवलेलं नव्हतं.

बरं, मागच्या बाजूने काढावी म्हटलं तर गोमाकाकाचं कुंपण. त्याने ते यंदाच नवीन घातलंय, बांबूचं, आणि त्यापलीकडे नवा संडास, त्यावर त्याचं नाव रंगवलेलं. तो म्हणाला, कुंपण काढलं तर माजी म्हस तुज्या बोटीत बांदीन. क्रेनने उचलावी तर वर विजेच्या तारा. ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा एकाने अगदी गंभीरपणे सुचवलं की पिशवी नदीतून समुद्रात जाते असं तुमीच सांगता, तर बोटपण नदीतनंच न्या की. सगळे हसले. मी मात्र घरी येऊन तीन दिवस पेजेची खोली आणि पुलांची उंची मोजत होते. (वहिनी, नाही जात.)

तोपर्यंत बोटीचं जे झालं ते सांगायला मला लाज वाटते. डोलकाठी काढून पडवीत आडवी टांगली होती, तिच्यावर आधी कपडे वाळले आणि आता वालाच्या शेंगा वाळतात. शीड बाबांनी पेंढ्यावर टाकलं, कारण त्यांच्या मते एवढी चांगली ताडपत्री कशेळ्यात मिळत नाही. पांढरी कोंबडी बोटीच्या खोलीत खुडूक बसली. संस्थेचा नियम आहे की बोटीची नोंदवही रोज भरायची, बोट कुठेही असो. म्हणून मी रोज भरते. ठिकाण: खळं. पाण्याची खोली: शून्य. वाऱ्याची दिशा: गोठ्याकडून. आढळलेले जीव: कोंबड्या सहा, बेडूक पुष्कळ, गोमाकाका एक. केयूर सर पाहणीला आले, आत वाकले, आणि कोंबडीने त्यांच्या नाकावर चोच मारली. ते शांत माणूस आहेत. नाकाला रुमाल लावून एवढंच म्हणाले, "हर्षला, आठ नोव्हेंबर."

आठ नोव्हेंबर म्हणजे काय ते सांगते. वरच्या वाड्यांतली चाळीस मुलं आहेत. त्यांच्या आश्रमशाळेला मी शब्द दिला आहे की त्या दिवशी दहा-दहा करून सगळ्यांना शिडाच्या बोटीतून समुद्रात नेईन. पावसाळाभर ती मुलं टोळीटोळीने खळ्यात येत होती. मी त्यांना बोटीत बसवून भरती-ओहोटी शिकवली, जाळी दाखवली, सुकाणू हातात दिलं. त्यातली जयवंता नावाची मुलगी, तिसरीतली, दर वेळी सुकाणू धरून एकच विचारते, "बाय, ही हालंल कदी?" आठ तारखेला बोट पाण्यात नसेल तर संस्था यंदाचा कार्यक्रम रद्द करणार आहे आणि बोट किनाऱ्यावरच्या दुसऱ्या मंडळाला देणार आहे. त्यांच्याकडे खळं नाही, पण धक्का आहे. मग माझंही काम संपलं.

आता भात. आमचं भात हळवं, केव्हाच पिकलंय. दाणे गळायला लागलेत. पण बाबा कापत नाहीत. रोज नवं कारण. सोमवारी म्हणाले दव सुकू दे, मंगळवारी म्हणाले ढग हायत, बुधवारी ढग नव्हते तर म्हणाले, मंग उद्या येतील. मी म्हटलं, बाबा, कापलंत तर बोटीला अर्धी वाट मोकळी होईल आणि बोट गेली की झोडणीला खळंही मोकळं होईल. त्यांनी मान डोलावली आणि पडवीत जाऊन विळ्याला धार लावत बसले. (तुझ्या सासूचा विळा, वहिनी. लाल चिंधी गुंडाळलेल्या मुठीचा. अजून त्याच खिळ्याला असतो. या आठवड्यात चौथ्यांदा धार लावली. आता त्याने दाढी होईल.)

आपल्या घरात पहिला विळा आत्याचा, हे मी तुला काय सांगू. आजीने लावलेली रीत. माहेरवाशिणीने पहिली मूठ कापायची आणि मग बाकीच्यांनी शेतात उतरायचं. गेली दोन वर्षं बाबा दुपारपर्यंत बांधावर उभे राहिले आणि मग आईला म्हणाले, लाव तूच. यंदा मात्र ते आईलाही सांगत नाहीत आणि स्वतःही उतरत नाहीत. विचारलं तर ढग.

तू का येत नाहीस ते मला माहीत आहे, कारण ते माझ्यामुळेच आहे. भिवपुरीच्या कॉलनीतला कमलेश वाईट नव्हता. त्याने एवढंच विचारलं, लग्नानंतर बोट सोडशील ना, आणि मी एवढंच म्हटलं, नाही. तू त्या लोकांना शब्द दिला होतास हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं, पण जरा बऱ्या आवाजात. बाबा म्हणाले, पोरीला नको तर नको, आणि तू चपला घालता घालता म्हणालीस, "ती होडी तुला भात देनार हाय का गं?" आत्या, दोन वर्षं मी याचं उत्तर शोधत होते. भात देणं सोड, ती भातावरच बसली आहे. तेव्हा तू जिंकलीस असं समज. मी हे लेखी देते आहे, सही खाली आहे.

बाकी ठीक. आई तुला वालाच्या शेंगा पाठवणार होती, पण त्या अजून डोलकाठीवर आहेत. लहानांना आशीर्वाद, तुला पुन्हा नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी, हट्टी असली तरी तुझीच,
हर्षला

ता. क. १ : मुख्य काम लिहायचं राहिलं. बोट बाहेर काढायला तुझ्या पट्टीतून नऊ फुटांची वाट लागेल. तिथलं भात गरवं आहे, पिकायला अजून पंधरा दिवस, आणि मालोजी म्हणतो, मालकीनबाईनं सांगितल्याबिगार मी विळा लावनार नाय. तू हो म्हणालीस तर तेवढं आधी कापू आणि जेवढं तुझं कमी भरेल तेवढं आमच्यातून पोचवू. तू स्वतः येऊन दाखवलंस की कुठून कुठपर्यंत कापायचं, तर बरं. आणि आलीच आहेस म्हटल्यावर आमच्या शेतातही एक मूठ कापलीस तर तुझा काही फार वेळ जाणार नाही.

ता. क. २ : बाबांनी विचारलं, कुणाला लिहितेस? मी म्हटलं, आत्याला. ते म्हणाले, माजं काय लिवू नको. मग दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "गुडग्याचं इचारलंस का?" मी म्हटलं, दोनदा. तेव्हा गेले.

ता. क. ३ : पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. आज सकाळी गोमाकाका स्वतःहून आला आणि म्हणाला, कुंपण काढतो. जयवंता त्याच्या दारात जाऊन त्याला विचारून आली म्हणे, बोट कदी हालंल. मी टेप घेऊन मोजलं. बोट आठ फूट, कुंपण काढल्यावर संडासाच्या बाजूने वाट साडेआठ. म्हणजे तुझ्या भाताला आणि आमच्या भाताला हात न लावता बोट मागून गावाच्या रस्त्याला लागते. मी त्याला म्हटलं, चार दिवस थांब, आधी आत्याचं उत्तर येऊ दे. तो म्हणाला, शिकलेल्या लोकांचं काय कळंत नाय. बाबांना मी हे अजून सांगितलेलं नाही. ते आता पुन्हा धार लावत बसले आहेत. (वहिनी, हा ता. क. कंसात नाही. मोठ्याने वाच.)